उजव्या तर्जनीचा ठसा

पत्र वाचून झाल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. काउंटरवर टेकलेल्या माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग पत्राकडे. मग परत हाताकडे. खानावळीत आपण न मागवलेलं ताट समोर आलं की माणूस बघतो तसं. मी हात मागे घेतला. घ्यायला नको होता.

“हा तुमचाच?”

“काय?”

“हात.”

रांगेत माझ्या मागं उभं असलेलं कुणीतरी खुदकन हसलं. ती हसली नाही. छातीवर नावाची पट्टी, ग्रिसेल्दा. इथंच जन्मलेली असणार. बोलते आपली स्पॅनिश, पण प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. “सेन्योर अर्गेता, अर्जात असं लिहिलंय की तुम्हाला उजवा हात नाही. अपघातात गेला. म्हणून फक्त डाव्या हाताचे ठसे घ्यायचे, मदतीला एक माणूस द्यायचा, अशी नोंद करून ठेवलीय आम्ही.”

मी हात पाठीमागं नेला.

“चुकून खूण झाली असेल तर सांगा. लोक कुणाकडूनही फॉर्म भरून घेतात, हे रोजचंय. मी इथं एक रेघ मारते, तुम्ही शेजारी सही करा आणि आत जा. दहा मिनिटांचं काम.” तिनं पेनाचं टोपण काढलं. “मारू रेघ?”

एक रेघ. माझ्या दोन्ही हातांना घाम सुटला. दोन्ही, म्हणजे उजव्यालाही.

“जरा बसतो. आठवून सांगतो.”

“हात आहे की नाही ते आठवून सांगणार!” मागचा माणूस म्हणाला. आता चार-पाच जण हसले.

“अकरापर्यंत आठवा,” ग्रिसेल्दा म्हणाली आणि पत्र मला परत दिलं. “अकरानंतर तुमची वेळ गेली. मग अर्ज पहिल्यापासून.”

घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं. खुर्च्या एकमेकींना लोखंडी दांड्यानं जोडलेल्या, त्यामुळे टोकाचा एकजण पाय हलवायला लागला की अख्खी ओळ हलते. मी हललो. माझ्यामुळे शेजारची बाई हलली. काचेतून बाहेरच्या गाड्या दिसतात. तिसऱ्या ओळीत माझी निळी गाडी, आणि तिच्या पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला माझा धाकटा भाऊ अदान. उजवा हात त्याला नाही. अर्ज त्यानं भरून घेतलाय. अर्जावर नाव माझं आहे, सेफेरिनो अर्गेता, आणि ते खरोखरच माझं आहे. गेली तीन वर्षं अदान कत्तलखान्यात माझ्या नावानं काम करत होता, कारण माझ्या बोटांनी सुरी धरायचं सोडून दिलं होतं आणि त्याच्याजवळ या देशात राहायचा कसलाच कागद नव्हता. कार्ड माझं, नाव माझं, हात त्याचे. आमच्या गावात याला कुणी गुन्हा म्हणत नाही. नाव देणं म्हणतात, जशी शेजाऱ्याला शिडी देतात. अर्ध्या कत्तलखान्यात माणसं दुसऱ्याच्या नावाला ओ देतात आणि मेल्या माणसाच्या वाढदिवसाला मुकादमानं आणलेला केक खातात. आणि आज, इमिग्रेशनच्या या कचेरीत, जो आत जाऊन काचेवर बोटं टेकवील तो सेफेरिनो. पुढं कायम. दुसरा कुणीच नाही, दुसऱ्याला कधीही गाडीत घालून परत पाठवावं. अदाननं जायचं असं ठरलं होतं. मी हो म्हणालो होतो. सकाळी सहाला निघालो, मक्याच्या शेतांमधून चार तास, गोळ्यांनी त्याला झोप लागली, आणि इथं गाडी बंद केल्यावर मी नुसता बसून त्याच्याकडे बघत राहिलो. शर्टाच्या खिशातून पत्राची घडी वर आली होती. ती मी दोन बोटांनी ओढून काढली. त्याला कळलंही नाही. माझ्या बोटांना ते काम आधीपासून येत होतं.

कार्ड बदलून मागण्याचं कारण (एकाच चौकोनात खूण करावी):
☐ कार्ड हरवलं
☐ कार्ड चोरीला गेलं
☒ कार्ड नष्ट झालं

ऑक्टोबरात इमिग्रेशनची धाड पडणार अशी अफवा उठली. धाड पडली की ते सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये गोळा करतात, कार्डवाले उजवीकडे, बिनकार्डवाले डावीकडे, आणि कपाटातून कार्ड आणतो म्हटलं तर कुणी जाऊ देत नाही. म्हणून अफवेच्या दिवशी माणसं कार्ड अंगावर ठेवतात. पँटच्या खिशात नाही, तिथवर पोचायला तीन थरांचे कपडे काढावे लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मनगटाला चिकटपट्टीनं बांधतात, वरून कोपरापर्यंतची रबरी बाही. बाही मागं सारली की कार्ड. अदाननं माझं कार्ड तसं बांधलं होतं, फोटो आतल्या बाजूला, माझं तोंड त्याच्या नाडीवर. धाड आली नाही. साडेनऊला पडदा सोलायच्या यंत्रात त्याची बाही अडकली. त्या यंत्रात दातेरी रूळ असतो. मांसावरचा पातळ पडदा तो एका बाजूनं ओढून घेतो आणि दुसऱ्या बाजूनं मांस स्वच्छ होऊन बाहेर पडतं. मी त्यावर सहा वर्षं काढलीत. तो रूळ कधी घाई करत नाही. चिकटपट्टी नसती तर नुसती बाही गेली असती, असं त्याच्यासमोर उभी राहणारी एउलालिया सांगते. ग्वाटेमालाची आहे, बुटकी, बोलताना हातानं हवेत मांस कापत असते. “मांसाची चेन अकरा मिनिटं थांबली फक्त,” ती मला म्हणाली. “मागं तो बैल सुटला होता ना, तेव्हा वीस मिनिटं थांबली होती. सगळे ओरडत होते, सेफेचा हात, सेफेचा हात! आणि हा काही ओरडतच नाही. रुळाकडे असा बघतोय, जणू कुणी ओळखीचं आत गेलंय. मी म्हटलं, अरे ओरड की बाबा, नाहीतर ते चेन सुरू करतील.” तिनं चांदीच्या कागदाची पुडी उघडली. आत कार्डाचा नखाएवढा तुकडा. गटारीच्या जाळीत सापडला होता, उकळत्या पाण्यानं धुऊन निघालेला. “तुझा डोळा आहे बघ,” ती म्हणाली.

सगळे माझं नाव घेऊन ओरडत होते तेव्हा मी घरी मक्याची पेज ढवळत होतो. मला काही झालं नाही. पळी हातातून पडली नाही, छातीत कळ आली नाही. फोन आला, मी गॅस बंद केला, आणि इस्पितळात जाईपर्यंत सगळ्या रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. भाऊ नव्हे. त्याच्या खाटेशी उभा राहिलो. उजव्या बाजूला पांढरं गाठोडं, तोंड राखेच्या रंगाचं. मी विचारलं, “कार्ड कुठंय?” हे मी विचारलं. पहिल्यांदा हेच. तो वर बघतच म्हणाला, “हाताला विचार.” नंतर नर्स आली, “सेफेरिनो?” म्हणाली, आणि आम्ही दोघांनीही माना वळवल्या. आधी त्याची वळली.

कार्डावर ठसा असतो उजव्या तर्जनीचा. माझ्या उजव्या तर्जनीवर आता काही नाही. वीस वर्षं सुरी, बर्फ आणि ब्लीच. कत्तलखान्यात हजेरीचं बोट लावायचं यंत्र बसवलं तेव्हा आमच्या ओळीतल्या निम्म्या लोकांना ते ओळखेना. मुकादम वैतागून म्हणाला, तुम्हाला बोटंच नाहीत रे, आणि आम्हाला गळ्यातले बिल्ले दिले. म्हणून तर अदानचं जमलं. बिल्ल्यावर नाव माझं, फोटो त्याचा, आणि यंत्राला दोघंही अनोळखी. मी बोटाचं टोक अंगठ्यानं चोळतो. सागरगोट्यासारखं गुळगुळीत. शेजारची बाई बघते आहे. तिला वाटत असेल, हा माणूस मोजतोय काहीतरी.

☐ अर्जदाराला काही शारीरिक व्यंग असल्यास इथं लिहावं

इथं लिहिलं दोन्या लिचानं. बेकरीच्या मागच्या खोलीत बसून ती सगळ्या गावाचे अर्ज भरते, कोपरापर्यंत पीठ, नाकावर चष्मा. तिचा एक ठाम विश्वास आहे, कागद जितके जास्त लावावे तितकं सरकार घाबरतं. पत्र आल्यावर मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, दोन्या लिचा, माझ्या अर्जात हात नाही असं का लिहिलंत? ती चष्म्यावरून बघत राहिली. “तुझ्या अर्जात? सेफेच्या अर्जात लिहिलं. ज्याचा हात गेला त्या सेफेच्या. कत्तलखान्याचं पत्र लावलं, इस्पितळाचं लावलं, फादरचंसुद्धा लावलं. एवढं भरगच्च पाकीट मी आजवर पाठवलं नाही. तू कोण रे?” मी पाव घेऊन बाहेर पडलो. तिला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी घरात बसलो आणि गाव मला विसरून गेलं. बाजारात, चर्चमध्ये, फुटबॉलला, सेफे म्हणजे तो दांडगा, मोठ्यानं हसणारा. मी सेफेचा भाऊ, तो हात दुखणारा, काय बरं त्याचं नाव.

आणि अदाननं मागितलं तेव्हा असं मागितलं, जशी मिठाची बरणी मागावी. दुपारची जेवायची वेळ. तो एका हातानं पुपुसाचा, आमच्या मक्याच्या भरल्या भाकरीचा, तुकडा तोडायला बघत होता, ती ताटात गोल फिरत होती. मी मदत केली नाही, केली असती तर त्यानं ताट फेकलं असतं.

“कागदावर सेफेरिनोला एकच हात आहे,” तो म्हणाला. “मलाही एकच आहे. मग आम्ही वेगळे कशाला राहायचं?”

“पहिले ठसे माझे आहेत त्यांच्याकडे.”

“कुठल्या बोटाचा ठसा असतो कार्डावर?”

“उजव्या तर्जनीचा.”

“ते बोट कुठंय? त्यांना म्हणावं, जा, रुळात शोधा.” तो हसला. पुपुसा अजून फिरत होती. “भरपाईचा वकील म्हणतो चालू कार्ड दाखव, नाहीतर नवा हात नाही, उपचार नाही, सगळं बंद. तुला काय, तुझ्या हातांना कार्डाची गरजच नाही. त्यांना काम कोण देतंय?”

“आणि मग मी कोण?”

“तू अदान हो. वाईट माणूस नाही तो. जरा घोरतो.”

“अदानला पकडून परत पाठवलं तर?”

त्यानं पुपुसा तशीच उचलली आणि तोंडानं तोडली. “तुला मोरासानात कोण ओळखतंय,” तो म्हणाला. “मला ओळखतात.” मोरासानात, मायदेशातल्या आमच्या मुलखात, त्याला कोण ओळखतं ते मी कधीच विचारलेलं नाही. कत्तलखान्यातल्या पहिल्या दिवशी नवीन माणसं ओकतात, सगळीच ओकतात, मीही ओकलो होतो. हा ओकला नाही. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, “इथं निदान सुरीला धार असते.” एवढंच. मी बुटांकडे बघत राहिलो.

दहा छत्तीस.

त्याच्या मागण्यानंतर दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी सुरी काढली. वाकडी, अरुंद, दांड्याला माझ्या मुठीचा खड्डा पडलेली. भाजीची फळी ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. मला सांधा कुठं उघडतो ते माहीत आहे. हाड कापायचं नसतं, कधीच नाही, हाडाला बगल देऊन दोन हाडांच्या मधल्या ओल्या फटीत टोक सरकवायचं, जरा फिरवायचं, आणि मग ते आपणहून सुटतं. दिवसाला अडीच हजार वेळा मी ते केलंय. मी म्हणत होतो, होऊ दे, दोघांनाही नको, मग बघू ते कुणाला घेतात. मी म्हणत होतो, नाहीतर त्याचा दुसराही. हेही म्हणत होतो, खोटं कशाला बोलू. तो आत झोपला होता, डावा हात खाटेखाली लोंबत होता, आणि मला त्या मनगटाचा सांधा शर्टाच्या बाहीतून दिसत होता. नंतर लक्षात आलं की सुरी माझ्या डाव्या हातात आहे. डाव्याला ती धरताच येईना. तिला धरणारा हात फळीवर पालथा पडला होता, शांत, कापून घ्यायला तयार. मी हसलो. फळी धुतली. माझी मुलगी नोएमी दुसऱ्या शहरात राहते, तिला फोन केला आणि पाऊसपाण्याचं बोललो. तिच्या जन्माच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात सेफेरिनो आहे. तिचा बाप आता दांडगा होणार, एका हाताचा, मोठ्यानं हसणारा.

☐ नाव किंवा जन्माची माहिती बदलली

हा चौकोन लिचानं रिकामा सोडलाय. इथं खूण हवी होती. त्र्याऐंशी साली, मायदेशात यादवी चालू होती तेव्हा, गोतेराहून निघालेल्या बसमध्ये, पुलाच्या अलीकडे. मी सतरा वर्षांचा, अदान पंधराचा, आणि आईनं नगरपालिकेतून त्याच्या जन्माची चिठ्ठी आणून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली होती, कारण तो लहानपणापासूनच बैलासारखा होता आणि शिपाई बसमधून पोरांना उचलून फौजेत नेत होते. “चिठ्ठी दाखव, म्हणजे लहान आहेस ते कळेल,” आई त्याला म्हणाली. मला काही म्हणाली नाही. मी काटकुळा, मिसरूड नाही, पण माझ्याजवळ चिठ्ठी नव्हती, आणि असती तरी तिच्यावर सतरा लिहिलेलं असतं. पुलाजवळ ट्रक आडवा घातलेला दिसला. बसमधली सगळी माणसं एकाच वेळी बोलायची थांबली. आमच्या पुढच्या बाकावर एका बाईनं आपल्या पोराच्या अंगावर घागरा पसरला आणि त्याच्यावर बसली. खरंच बसली, सबंध वजन टाकून. अदान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. त्याच्या खिशातून घडी वर आली होती.

दोन बोटांनी.

हवालदाराच्या तोंडाला पेरूचा वास होता. त्यानं चिठ्ठी वाचली, मला बघितलं. “नाव?” अदान अर्गेता, मी म्हणालो. “वय?” पंधरा. “आणि हा?” माझा थोरला भाऊ, मी म्हणालो. त्यानं झोपलेल्या अदानच्या गळ्याखालच्या हाडावर बंदुकीचा दस्ता मारला. त्याचा आवाज मला आजही ओळखता येतो. कोंबडीची छाती मोडताना होतो तो. अदान जागा झाला तो बसच्या वाटेत जमिनीवर, त्याचे अंगठे पाठीमागं बुटाच्या नाडीनं बांधत होते, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. “अदान मी आहे” एवढं म्हणायचं होतं त्याला, तीन शब्द. त्यानं म्हटलं नाही. माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे, मग परत चिठ्ठीकडे. तीस वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की झोपेत होता, त्याला काही कळलं नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं, तो झोपला होता. आईनं माझ्या हातून चिठ्ठी घेतली, उघडली, वाचता येत नसताना वाचली. त्यानंतर तिनं मला नावानं हाक मारली नाही. “ए” म्हणायची. “ए, पाणी आण.” दुसऱ्या वर्षी मी निघालो, कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडले, तिथं तोडणाऱ्यांना कार्डं दिली तेव्हा मलाही मिळालं, आणि पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं ते सांगू का? वाटलं, आता मला कुणी उचलणार नाही. अदान तोवर फौजेत होता. गावं मोकळी करत होता. हे शब्द फौजेचे.

त्यानं बसचं कधी काढलं नाही. या देशात आला, माझ्या घरी राहिला, माझ्या थाळीत जेवला, माझं नाव लावून माझ्या जागी उभा राहिला, दारू पिऊन एकदा खुर्ची मोडली, एकदा माझ्या थोबाडीत दिली. ते फुटबॉलवरून. मी वाट बघत राहिलो. प्रत्येक भांडणात वाटायचं, आता काढेल. काढत नाही हेच तो माझ्याविरुद्ध वापरतोय असं वाटायचं. कधी वाटायचं, त्याला खरंच माहीत नाही. कधी वाटायचं की त्यानं एकदा काढावं, एकदा फोडून काढावं मला, म्हणजे मलाही एक हात उगारता येईल.

ग्रिसेल्दाच्या खिडकीपाशी आता एक म्हातारं जोडपं आहे. ती त्यांना मोठ्यानं विचारते, कार्ड कसं खराब झालं? म्हातारा म्हणतो, “हिनं पँटसकट धुतलं.” म्हातारी म्हणते, “यानं पँट तीन महिन्यांनी धुवायला टाकली, ते नाही सांगणार.” रांग हसते. घड्याळ दहा पन्नास. मला फक्त उठायचंय, आणि एक रेघ. लिचाची चूक, म्हणेन. हा बघा हात, दाबून बघा. ठसा उठला नाही तर नाही उठला, ते परत बोलावतील, पण आत गेलेला मी असेन. अदान उठेल तोवर मी गाडीत परत बसलेला असेन, म्हणेन, त्यांनी मलाच आत घेतलं, मी काय करू. तो समजेल. समजेल आणि काही बोलणार नाही. पुन्हा जमिनीवरून बघावं तसा बघेल. काही महिन्यांनी कुणीतरी त्याला रस्त्यात थांबवील, आणि मग मोरासान, एक हात, आणि त्याला ओळखणारी माणसं. त्यांच्याही सुऱ्यांना आता धार असेल.

सकाळी तो झोपायच्या आधी, मक्याच्या शेतांवर ऊन यायला लागलं होतं तेव्हा, त्यानं सीट मागं केली होती. गोळी चघळत, खिडकीकडे तोंड करून म्हणाला होता, “सेफे.”

“काय?”

“या वेळी मला उठव.”

मी रेडिओचा आवाज वाढवला होता. तो काय म्हणाला ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. आत्ता, दांड्याला जोडलेल्या खुर्चीत, सगळी ओळ हलत असताना, ते दुसऱ्यांदा ऐकू आलं. या वेळी.

मी उठलो. ओळ हलली.

“रेघ मारू नका,” मी ग्रिसेल्दाला म्हणालो. “लिहिलंय ते बरोबर आहे. ज्याला हात नाही तो गाडीत झोपलाय.”

“मग तुम्ही कोण?”

“भाऊ.”

तिनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, तोंडाकडे. तिला काही कळलं असेल किंवा नसेल. पेनाला टोपण लावलं. “फोटोचा कागद आहे त्यांच्याजवळ?”

“कत्तलखान्याचा बिल्ला. इस्पितळाचे कागद. भरपूर आहेत.”

“नऊ मिनिटं आहेत. उठवा जा.”

तो उठलेला होता. गाडीबाहेर उभा, शर्टाचा खिसा उलटा बाहेर काढलेला, जिभेसारखा. मी पत्र वर धरलं, तोंड उघडलं, पण त्यानं बोलू दिलं नाही. आधी डोकं घातलं माझ्या नाकावर. मग डाव्या मुठीनं, मग गुडघ्यानं, मी खाली पडलो, तो छातीवर बसला. एका हाताचा माणूस किती ठिकाणी मारू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो उजव्यानंही मारत होता, त्या थोटक्यानं, नवी कातडी फाटून त्याचंच रक्त माझ्या डोळ्यात उडत होतं. दात तुटला तो मला कानात ऐकू आला.

“परत?” तो म्हणत होता. प्रत्येक फटक्याला एकेक शब्द. “परत? माझ्याच? खिशातून?”

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मला मार लागत होता आणि आतून कुठंतरी इतकं मोकळं वाटत होतं की मी हात उगारलाच नाही. पण घड्याळ चालू होतं. त्यानं मूठ पुन्हा वर नेली तेव्हा मी जीव एकवटून ओरडलो, “सेफे!”

मूठ वरच थांबली. “काय?” तो म्हणाला. तीन वर्षांची सवय.

“आत बोलावतायत.” मी पत्र पुढं केलं. त्याला माझ्या बोटांचा लाल चिखल लागला होता. “रेघ मारली नाही. जा.”

तो छातीवर बसून होता, जड, धापा टाकत. पत्राकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, मग परत पत्राकडे. मग उठला. मी बसलो, त्याचा शर्ट खोचला, थोटक्यावर माझा रुमाल गुंडाळून गाठ मारली, त्याच्या कपाळावरचं रक्त थुंकी लावून पुसलं, आई पुसायची तसं.

“कुणाचं रक्त म्हणून विचारलं तर?”

“तुझंच. आता सगळं तुझंच.”

चार पावलं गेल्यावर तो वळला. काही बोलेल असं वाटलं. “घर पुढच्या दारानं उघडत नाही,” तो म्हणाला, “मागची किल्ली लाव.” जसं काही मीच नवा राहायला आलो होतो. मग काचेचं दार त्यानं खांद्यानं ढकललं.

मी चाकाला टेकून बसलो. पहारेकरी आला, म्हातारा, कमरेला किल्ल्या, हातात वही. मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, “काय झालं? पोलीस बोलवू?”

“नको. पडलो.”

“फार वेळा पडलास.” तो खाली वाकला, पेन झटकलं. “वहीत लिहावं लागतं. नाव?”

काचेतून रांग दिसत होती. पुढं एक उंच माणूस, त्याची कोपरापाशी संपणारी बाही.

“अदान,” मी म्हणालो. “अदान अर्गेता.”

त्यानं सावकाश लिहिलं. “वय?”

पंधरा, जिभेवर आलं. त्याच्या आधी दात बाहेर आला. तो मी उजव्या हातावर घेतला.